तेवीस मिलिमीटर

नऊ चाळीसला मार्विक आली.
जेल गार लागेल, आधी सांगितलं तरी दचकली,
मग स्वतःलाच हसली.
मी पडद्यावर रेघ ओढली, टाळूपासून ढुंगणापर्यंत.
आमच्याकडे उंची अशीच मोजतात,
पाय अजून हिशोबात धरत नाहीत.
तेवीस मिलिमीटर.
कोपरात वाकलेले हात, बोटांमध्ये बदकासारखा पडदा,
शेपटी होती ती विरत आलेली,
पापण्या आत्ता कुठे धरू लागलेल्या.
ठोके एकशे बाहत्तर.
तिनं दोन प्रिंट मागितल्या.
एक सासूसाठी, म्हणाली, तिला आरशात खोचायला.

दहा पाचला रोमिल्दा.
हॉटेलच्या धुलाईखात्यात कामाला, हातांना क्लोरिनचा वास,
घरी तीन, धाकटा अजून अंगावर पिणारा.
"पडदा तिकडे फिरवा."
फिरवला.
तीच रेघ.
तेवीस.
मशीनवर राग काढल्यासारखं पुन्हा मोजलं.
तेवीस.

दोघींनाही दिवस गेलेले, मोजून त्रेसष्ट.
एकीचे भरतील.
दुसरीचे भरत आलेत.

माझा भाऊ वेंत्सू दर डिसेंबरात वालेटाच्या मोर्च्यात असतो.
फलक स्वतः रंगवतो, अक्षर सुरेख आहे त्याचं.
आई अंथरुणाला खिळली ती अकरा वर्षं
त्यानंच तिला भरवलं, पुसलं, कूस बदलून दिली.
माझी क्रिस्ताबेल त्याच रस्त्याच्या पलीकडच्या कडेला उभी असते,
घसा बसेपर्यंत.
रविवारी दोघं माझ्या टेबलाशी, सशाचं कालवण,
पाव एकमेकांकडे सरकवतात, नजर ताटात.
दोघंही म्हणतात, जीवाचा प्रश्न आहे.
एवढासा शब्द,
आणि कुणाकुणाला पुरवायचा.

मला विचारतात. तू तर रोज पाहतेस.
मी पाहते ते करडं असतं.
करड्यात एक लुकलुक.
तिच्यावर बोट ठेवून मी आकडा लिहिते.

एकोणीस वर्षांपूर्वी माझं याच पलंगावर मोजलं होतं
दुसऱ्या कुणीतरी.
सतरा मिलिमीटर. लुकलुक नव्हती.
साल्वूनं बांधावरच्या खरोबाखाली काडेपेटी पुरली,
आत काय ठेवलंस, मी विचारलं नाही.
पाद्री म्हणाले, बाप्तिस्मा होत नसतो, नाव कशाला.
नाव ठेवलेलं होतं.
ते मी इथेही सांगणार नाही.

म्हणून कुणी सहज म्हणून जातं ना, पेशींचा गोळा,
तेव्हा माझा हात अजून खिशात काहीतरी चाचपतो.

रोमिल्दानं पोट पुसलं.
कागदी रुमालाची चौघडी केली,
कडेला कड जुळवून, चादरींची सवय,
आणि टाकायचा कुठे ते कळेना म्हणून मुठीत धरून बसली.
खिडकीतून बंदरातल्या होड्या दिसत होत्या,
नाकाडावर रंगवलेले डोळे,
त्यांना पापण्या नसतात.
दाराकडे बघत ती म्हणाली,
"सिसिलीची बोट कितीला सुटते हो?"

या बेटावर मदत करणाऱ्यालाही कलम आहे.
कुठलं, किती वर्षांचं, मला पाठ आहे,
जशा पाठ आहेत प्रार्थना.
विचार केला असं म्हणता येणार नाही.
तोंडातून निघालं,
"साडेसहाला. गुरुवारी वारा आहे, समुद्र फार उसळेल.
शुक्रवारी जा."
मग, "पोटात काही घालून निघ,"
आणि जीभ चावली.
ती हसली बहुतेक. किंवा नाक ओढलं असेल.

फाइलीत लिहिलं:
वय चौतीस. दिवस त्रेसष्ट. ठोके एकशे सत्तर.
शेऱ्याचा रकाना कोरा सोडला.
वेंत्सूला यातलं कळलं तर तो माझ्यासाठी मेणबत्ती लावेल,
क्रिस्ताबेल मला मिठी मारेल,
दोन्ही मला सोसणार नाही.

बाहेर पुढची खोकली.
जेलची बाटली दोन्ही तळव्यांत धरून
थोडा वेळ तशीच बसले,
जरा ऊब येऊ दे म्हणून.